आधी माणसाची पत

खोडाळ्याच्या बाजारपेठेत नागली-वरई पिकविणाऱ्या गिऱ्हाइकाची पत व्यापारी वहीआधी माणसावरून ठरवतो. हीच कसोटी ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या पर्वातही दिसली. मालेगाव तालुक्यातील कमलेश घुमरे यांनी तेथे फवारणीची गाडी मांडली. शेतकऱ्याला पाठीवर पंप वाहावा लागू नये, म्हणून ते सात वर्षे तिच्यामागे खपले होते. त्यांनी १० टक्के हिश्शासाठी ३० लाख रुपये मागितले. म्हणजे धंद्याचे मोल ३ कोटी धरले.

धंद्याचा जम बसला नव्हता. इतर गुंतवणूकदार मागे सरले. पीयूष बन्सल यांनी मात्र ४० टक्के हिश्शासाठी १० लाख आणि २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले. या हिशोबाने मोल २५ लाखांवर आले. तरीही घुमरे यांनी हात पुढे केला.

तरुणांनी येथे विचार करावा. कर्ज फिटते, हिस्सा मात्र सहसा परत येत नाही. म्हणून हिस्सा द्यायचा तर केवळ पैसेवाल्याला नव्हे, वाट दाखविणाऱ्या भागीदारालाच द्यावा. आणि असा भागीदार गिऱ्हाइकाचे दुखणे जाणणाऱ्यालाच लाभतो. गादीवर बसणाऱ्या मुलाला वहीआधी गिऱ्हाईक वाचता आले पाहिजे.