उज्जैन: ग्वाल्हेरच्या आधीची शिंद्यांची राजधानी

महाकालाचं दर्शन घेऊन आपली मंडळी लगेच परततात, याची मला फार हळहळ वाटते. माळव्याच्या पठारावर, क्षिप्रेकाठी, सुमारे ४९० मीटर उंचीवरचं हे शहर शिंद्यांची राजधानी होतं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी कारभार ग्वाल्हेरला हलवला. आजचं महाकाल मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांचं गोपाळ मंदिर भर बाजारात आहे. त्याची चांदीची दारं जरूर पाहा! भोवतालची काळी जमीन पूर्वी अफू-कापसाची, आता सोयाबीनची. आणि इथली भेरूगढ ही वस्ती चुकवू नका. तिथले कारागीर वितळलेल्या मेणानं कापडावर नक्षी काढतात, कापड रंगात बुडवतात आणि गरम पाण्यात मेण उतरवतात. मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपतो, म्हणून प्रत्येक चादरीवरच्या बारीक रेषा वेगळ्या.