चौकट चुकली, तर हिशेब चुकला

गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा तक्ता असो, छोट्या कारखान्याचे पगारपत्रक असो वा शिकवणी वर्गाची गुणयादी असो. शहरी व्यवहारातील असंख्य हिशेब आज स्प्रेडशीटमध्ये लिहिले जातात. हे आकडे भरण्याचे काम आता ‘एआय एजंट’कडे, म्हणजे सांगितलेले काम पायरीपायरीने स्वतःच पार पाडणाऱ्या संगणक प्रणालीकडे सोपविता येते. ‘मे महिन्याची जमा रक्कम भरून ठेव’ असे साध्या भाषेत सांगितले, की शेकडो चौकटी काही क्षणांत भरल्या जातात. सोय मोठी आहे. मात्र आकडे नेमके कोणत्या चौकटींत गेले, हे तपासले नाही तर चूकही तितक्याच वेगाने होते.

पत्त्यावर चालणारा कारभार

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर बाजारात आणले. उभ्या स्तंभांना अक्षरे, आडव्या ओळींना क्रमांक आणि त्यांच्या छेदावरील प्रत्येक चौकटीला, म्हणजे ‘सेल’ला, स्वतंत्र पत्ता ही त्यातील पद्धत आजही रूढ आहे. शेजारच्या अनेक सेलच्या सलग पट्ट्याला ‘रेंज’ म्हणतात. ‘बी२ ते डी६’ या रेंजमध्ये तीन स्तंभ आणि पाच ओळी, म्हणजे १५ सेल येतात.

एजंट हे काम स्वतः कळफलक न बडवता एका छोट्या साधनामार्फत करतो. अशी साधने एआय प्रणालींना जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. ‘गुगल शीट्स’मध्ये रेंज बदलायची असल्यास साधनाला चार गोष्टी द्याव्या लागतात : कोणती फाइल, कोणती रेंज, कोणती मूल्ये आणि ती कशी लिहायची. पाठविलेली माहिती रेंजपेक्षा मोठी असेल, तर ती नाकारली जाते. कमी असेल, तर उरलेल्या सेलमधील जुने आकडे तसेच राहतात. काम झाल्यावर किती सेल बदलले, याचे उत्तर परत येते.

‘४० सेल बदलले’, तरीही घोटाळा

खरी मेख येथेच आहे. समजा, एका संस्थेत ४० सदनिका आहेत. पहिल्या ओळीत शीर्षके आणि ‘सी२ ते सी४१’ या रेंजमध्ये जमा रकमा आहेत. खजिनदारांनी तक्त्यावर संस्थेचे नाव लिहिण्यासाठी एक ओळ वाढविली. त्यामुळे सारी माहिती एक ओळ खाली सरकली. तक्त्यातील सूत्रे असा बदल आपोआप सांभाळून घेतात. एजंटने आधी टिपून ठेवलेला पत्ता मात्र जुनाच राहतो. त्याने पुन्हा ‘सी२’पासून रकमा लिहिल्या, तर पहिली रक्कम शीर्षकावर जाईल, दुसऱ्या सदनिकेची पहिलीच्या नावावर जमा होईल आणि शेवटच्या सदनिकेसमोर मागचाच आकडा राहील. साधन मात्र ‘४० सेल बदलले’ असेच कळवील. आणि ते खोटेही नसेल. थकबाकीची नोटीस, तीही व्याजासह, पैसे वेळेवर भरणाऱ्याच्या दारात येईल.

शून्य कोठे गेले?

मूल्ये लिहिण्याचे दोन प्रकार आहेत. एकात दिलेला मजकूर जसाच्या तसा ठेवला जातो. दुसऱ्यात माणसाने टंकित केल्याप्रमाणे त्याचा अर्थ लावला जातो. दुसऱ्या प्रकारात ‘००४५१२’ या खाते क्रमांकाचे ‘४५१२’ होऊ शकते. ‘३/४’ ही सदनिका संख्या न राहता तारीख होऊ शकते. शास्त्रज्ञही या सवयीतून सुटले नाहीत. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारख्या जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजत असल्याने २०२० मध्ये नामकरण समितीने अशी नावे बदलल्याचे जाहीर केले.

रेंज चुकल्याची किंमत धोरणकर्त्यांनाही ठाऊक आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. काटकसरीच्या धोरणांसाठी त्याचा दाखला दिला गेला. सरासरीच्या सूत्रातील रेंज पाच ओळी आधीच संपल्याने ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश त्यातून वगळले गेले होते, हे २०१३ मध्ये उघड झाले. निबंधावरील आक्षेपांपैकी हा एक होता. ती चूक माणसाची होती आणि ती सापडण्यास तीन वर्षे लागली.

सावधगिरी कोणती?

लिहिण्यापूर्वी ती रेंज वाचून शीर्षके व सदनिका क्रमांक जुळतात का, हे पाहण्याची सूचना एजंटला द्यावी. पत्त्याऐवजी रेंजला नाव देण्याची सोय वापरावी. ओळी वाढल्या तरी नाव योग्य सेलवरच राहते. सूत्रे आणि जुने हिशेब असलेला भाग संरक्षित करावा व एजंटला त्यात बदल करण्याची परवानगी देऊ नये. खाते क्रमांक मजकूर म्हणूनच लिहावेत. बाहेरून आलेल्या तक्त्यात कोणी एजंटसाठी फसव्या सूचना लिहून ठेवल्या असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे अशा फाइलवर त्याला मोकळीक देणे धोक्याचे ठरते.

चूक झालीच, तर गुगल शीट्समधील आवृत्तींच्या नोंदीतून जुना तक्ता परत मिळविता येतो. पण त्यासाठी ती चूक आधी कोणाच्या तरी लक्षात यावी लागते. म्हणूनच बदललेल्या सेलची संख्या पाहून समाधान मानण्यापेक्षा दोन-चार नोंदी मूळ पावत्यांशी ताडून पाहिलेल्या बऱ्या. आकडे भरण्याचे काम यंत्राकडे गेले, तरी हिशेबाखालची सही अजून माणसाचीच असते.