गेटच्या अलीकडे

आमच्या कॅरी गावाचं नाव निघालं की इथले जुने लोक एक विनोद हमखास सांगतात. सी-ए-आर-वाय म्हणजे 'कंटेनमेंट एरिया फॉर रिलोकेटेड यँकीज', थोडक्यात उत्तरेकडून आलेल्या उपऱ्यांना एकत्र ठेवण्याची जागा! नॉर्थ कॅरोलिनातलं हे गाव. शेजारी १९५९ मध्ये उभं राहिलेलं रिसर्च ट्रँगल पार्क, आणि गावातच सॅस आणि एपिक गेम्सची मुख्यालयं. त्यामुळे आता त्या उपऱ्यांत आपल्यासारखे देशीही पुष्कळ. शनिवारी दुकानात मेथीची जुडी निवडताना शेजारून मराठी कानावर पडतंच. अशा गावात कॉम्प्युटर इंजिनियरला नोकरीला काय तोटा, असं मलाही वाटायचं. २०२३ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली, तोपर्यंत.

एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची आणि तिने आपल्या नावाने अर्जही भरायला हवा. नाहीतर दुसरा एखादा व्हिसा मागायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बायकोची कामाची परवानगीही माझ्याच कागदांना बांधलेली. फ्रिजवर कॅलेंडर लावून मी रोज एक दिवस खोडत होतो.

तेविसाव्या दिवशी एक फोन आला. रडारच्या सिग्नलवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर लिहायचं काम होतं. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत मास्टर्स करताना माझा प्रोजेक्ट नेमका याच विषयावर होता. चाळीस मिनिटं मुलाखत इतकी छान रंगली की समोरचा मॅनेजर टीम कुठे बसते, जेवायला कुठे जाते, तेही सांगू लागला. मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही यू.एस. पर्सन आहात ना?" मी नाही म्हणालो. तो दोन क्षण गप्प झाला. "सॉरी, हे आधीच विचारायला हवं होतं," म्हणाला. चूक त्याची नव्हती आणि माझीही नव्हती. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. आमच्या घरात त्या कामाला कागदोपत्री पात्र एकच व्यक्ती होती: इथे जन्मलेली आमची मुलगी, वय वर्षं ३!

दुसऱ्या दिवसापासून मी जाहिराती नीट वाचायला लागलो, आणि मग कळलं की ज्याला मी एकच बंद दार समजत होतो, ती तीन वेगळी दारं आहेत. पहिलं 'सिक्युरिटी क्लिअरन्स'चं. सरकारी गुपितं हाताळणारी ही कामं साधारणपणे फक्त नागरिकांसाठी, तिथे वेळ घालवू नये. दुसरं शस्त्रास्त्रांच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच्या 'आयटार' नियमांचं. या नियमांप्रमाणे परदेशी माणसाला अमेरिकेतल्या ऑफिसात बसून नुसतं ड्रॉइंग दाखवणं हीसुद्धा निर्यातच! पण इथे अट नागरिकत्वाची नाही. 'यू.एस. पर्सन'मध्ये ग्रीन कार्डवालेही येतात, निर्वासित म्हणून आश्रय मिळालेलेही येतात. तिसरं दार निव्वळ कंपनीच्या इच्छेचं: 'आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही.' हे दार कधीकधी उघडतं, कारण आधीच एच-१बी असलेल्या माणसाला सहसा पुन्हा लॉटरीत जावं लागत नाही. बऱ्याच कंपन्यांना हे सांगावं लागतं.

कायद्याचीही एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसते. कायद्याने किंवा सरकारी कंत्राटाने अट घातलेली नसताना 'फक्त नागरिक' असं म्हणून माणसं नाकारायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. मात्र त्याचं संरक्षण नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांना. एच-१बीवाला त्यात बसत नाही.

मग ग्रीन कार्ड घ्या ना, असं पुण्याचे नातेवाईक म्हणतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात कुटुंबीयही धरलेले, आणि कुठल्याही एका देशाला जवळपास ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये माझ्या वर्गातल्या भारतीयांची रांग २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. माझा नंबर २०१९ चा. कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी आणखी साधारण पाच वर्षं. माझा खरा राग इथे आहे. त्या कंपनीच्या दारावर नाही, तर जन्म कुठे झाला यावर लांबी ठरणाऱ्या या रांगेवर.

हे सगळं मी चिडून बाबांना फोनवर सांगितलं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशिनिस्ट होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरे, आमच्या गेटवर तरी तुला कधी आत सोडलं का?"

खरंच होतं. डबा विसरला की आई मला घेऊन गेटपर्यंत जायची. दरबान डबा ठेवून घ्यायचा. आत बाबा काय बनवतात, हे मला आजही माहीत नाही, आणि घरी तो विषय निघाला की ते दुसरंच काहीतरी बोलायचे. तेव्हा मला त्यात अपमान वाटला नव्हता. देशाचं काही काम गेटच्या आत चालतं, एवढं साधं होतं ते.

मी कामाची यादी बदलली. संरक्षण वगळलं. हॉस्पिटलं, विमा, बँका, शेतीचं सॉफ्टवेअर असा मोर्चा वळवला. पहिल्याच फोनवर स्वतःहून सांगायला लागलो, "मी एच-१बीवर आहे, लॉटरी लागणार नाही, अर्ज मात्र तुम्हाला करावा लागेल." काहींनी तिथेच फोन ठेवला. तेवढे दिवस वाचले! मंडळातल्या एका काकांनी ओळख काढून दिली आणि ४९ व्या दिवशी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीने अर्ज भरला. काम रडारइतकं थरारक नाही, पण सिग्नलचं शिक्षण इथेही उपयोगी पडतं. फक्त आता ते सिग्नल हृदयाचे ठोके असतात.

आता मंडळातली नवीन मुलं रेझ्युमे दाखवायला येतात, तेव्हा मी आधी जाहिरातीतली ती शेवटची ओळ वाचायला लावतो. नकार आला तर तो कुठल्या दाराचा, हे ओळखायला शिका म्हणतो. नाहीतर प्रत्येक नकार आपल्या अकलेवर घेतला जातो.

एक हिशेब मात्र अजून सुटलेला नाही. कधीतरी इथलं नागरिकत्व मिळालं तर इथलं गेट उघडेल. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि ओसीआय कार्डावर तिथली सरकारी नोकरी करता येत नाही. म्हणजे खडकीचं गेट माझ्यासाठी कायमचं बंद.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "डबा द्यायला ये की. दरबान ठेवून घेईल."