आधी काय वाचवायचे?

रिओ द जानिरो येथील ब्राझीलच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाला २०१८ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला, रविवारी सायंकाळी, प्रेक्षक निघून गेल्यावर संग्रहालयाने पेट घेतला. वास्तू म्हणजे एके काळचा राजवाडा. जवळच्या अग्निशमन नळांना पुरेसा दाब नव्हता, त्यामुळे बंबांना बाहेरून पाणी आणावे लागले. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहाचा बहुतांश भाग एका रात्रीत नष्ट झाला. आगीचा उगम सभागृहातील वातानुकूलन यंत्रात असल्याचा निष्कर्ष पुढे तपासात निघाला. विशेष खेदाची बाब ही की, त्याच वर्षी जूनमध्ये इमारतीच्या दुरुस्तीसाठी अर्थसाह्याचा करार झाला होता आणि त्यात अग्निरोधक यंत्रणेचीही तरतूद होती. पैसा पोहोचण्यापूर्वी आग पोहोचली.

त्या रात्री काही कर्मचारी इमारतीकडे धावले. हाती वेळ थोडा होता. त्यांनी शंख-शिंपल्यांच्या संग्रहातील असे नमुने बाहेर काढले की, ज्यांच्यावरून त्या त्या जातीची पहिली शास्त्रीय नोंद झाली होती. अशा नमुन्याला पर्याय नसतो. ते कोणत्या कपाटात आहेत हे काहींना ठाऊक होते, म्हणूनच ते वाचले. कीटकांचा संग्रह मात्र जवळजवळ संपूर्ण गेला. मूळनिवासींच्या भाषांची ध्वनिमुद्रणेही गेली. त्यांपैकी काही भाषा बोलणारे आज कोणी उरलेले नाही.

माहिती डोक्यात नको, कागदावर हवी

वस्तुसंग्रहालयांच्या आपत्ती व्यवस्थापनाचे मर्म या प्रसंगात आहे. कोणतेही संग्रहालय संकटात सर्व काही वाचवू शकत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो प्राधान्याचा, आणि त्याचे उत्तर धुरात उभे राहून शोधता येत नाही. ते शांततेच्या काळातच ठरवावे लागते.

प्रत्येक दालनातील व कोठारातील मोजक्या वस्तू आधी निवडाव्या लागतात. दुर्मीळता, अभ्यासातील महत्त्व, आग वा पाण्याने होणारी हानी आणि ती वस्तू उचलता येते की नाही, या साऱ्याचा विचार त्यामागे असतो. एखादी पाषाणमूर्ती कितीही मोलाची असली तरी ती चौघांना हलणार नसेल, तर तिला जागच्या जागीच संरक्षण द्यावे लागते. याउलट हस्तलिखितांची पेटी एकटा माणूसही नेऊ शकतो. यादीत वस्तूची नेमकी जागा, छायाचित्र, वजन, उचलायला लागणारी माणसे आणि नेऊन ठेवण्याचे ठिकाण असावे. एक प्रत इमारतीबाहेर असलीच पाहिजे. मौल्यवान वस्तूंची अशी यादी चोरांच्याही उपयोगाची असते; म्हणून ती गोपनीय ठेवायची, पण अग्निशमन दलाला ऐन वेळी ताबडतोब मिळेल अशी व्यवस्थाही करायची.

अर्थात पहिला क्रम माणसांचा. प्रेक्षक व कर्मचारी सुखरूप बाहेर पडल्यावर, आणि अग्निशमन अधिकाऱ्याने परवानगी दिल्यावरच वस्तूंना हात लावायचा, हा नियम आराखड्यात सर्वांत वर असतो.

पॅरिसमधील ७२ तास

पूर्वतयारीने काय साधते, याचे उदाहरण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घालून दिले. २०१६ च्या जूनमध्ये सीन नदीची पातळी सहा मीटरवर गेली. संग्रहालयाची काही कोठारे नदीकाठी तळघरात होती. पूर येण्यापूर्वी ७२ तासांत तेथील वस्तू हलवण्याचा आराखडा तयार होता. ३ जूनला संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद करण्यात आले आणि हजारो वस्तू वरच्या मजल्यांवर नेण्यात आल्या. एवढ्यावर न थांबता, उत्तर फ्रान्समधील लिएव्हां येथे संग्रहासाठी नवे केंद्र उभारण्यात आले व ते २०१९ मध्ये सुरू झाले. आराखड्याने वेळ मिळवून दिला. पण मूळ धोका दूर करायचा तर कोठारच हलवणे भाग होते.

पाण्याची भीती

अनेक संग्रहालयांत आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेला विरोध होतो. धूर दिसताच सर्व फवारे सुटतील आणि चित्रे भिजतील, अशी धास्ती असते. प्रत्यक्षात नेहमीच्या यंत्रणेत फवाऱ्याचे तोंड धुराने नव्हे, उष्णतेने उघडते. तेही ज्याच्याखाली आग आहे तेवढेच. त्यातून पडणारे पाणी बंबाच्या नळीतून येणाऱ्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असते. शिवाय भिजलेली वस्तू बहुधा दुरुस्त करता येते, जळालेली नाही.

मात्र भिजलेला कागद वाट पाहत नाही. उबदार, दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. थोडे कागद असतील तर वाऱ्यावर वाळवता येतात. ढीगच्या ढीग भिजले असतील तर ते गोठवून ठेवल्यास हानी थांबते व पुढील काम सवडीने करता येते. म्हणून जवळच्या शीतगृहाशी आधीच बोलून ठेवणे हाही आराखड्याचाच भाग ठरतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्स बुडाले. त्यात भिजलेले वासारीचे ‘अंतिम भोजन’ हे चित्र दुरुस्त होऊन परत लागायला ५० वर्षे गेली. आता त्याला असे यंत्र जोडले आहे की, पूर येताच ते उंच उचलले जाईल.

आपल्याकडील प्रश्न

हे सारे दूरदेशीचे नाही. दिल्लीत मंडी हाऊसजवळील राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय १९७८ मध्ये सुरू झाले आणि २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे आगीत भस्मसात झाले. महाराष्ट्राला आग व पाणी दोन्ही परिचित आहेत. १९६१ चा पानशेतचा पूर पुण्याने अनुभवला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर पाण्याखाली गेले. राज्यात मोठ्या संग्रहालयांबरोबरच संस्थानिकांचे संग्रह, इतिहास मंडळांची दप्तरे आणि गावोगावची छोटी दालने आहेत. त्यांतील बरेच काही एकमेव आहे.

आराखड्याला मोठा निधी लागतोच असे नाही. तारांची वार्षिक तपासणी, कोठारातील पेट्या जमिनीपासून हातभर उंच ठेवणे, दूरध्वनी क्रमांकांचा अद्ययावत कागद, अग्निशमन दलाला वर्षातून एकदा दाखवलेली इमारत आणि प्राधान्याची यादी, एवढ्याने सुरुवात होते. वर्षातून एकदा रंगीत तालीम घेतली की त्रुटी आपोआप दिसतात: किल्ली कोणाकडे आहे, हेच रखवालदाराला ठाऊक नसते; पेटी दारातून निघत नाही. या गोष्टी तालमीत कळल्या तर दुरुस्त होतात. आगीच्या रात्री कळल्या, तर त्यांची किंमत संग्रहाला मोजावी लागते.