शुद्ध एचटीएमएल आणि गूगलमधील क्रमांक

सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात कारखाने वाढले, तशी कामगारांच्या गणवेशाच्या कापडाची मागणीही वाढली. पूर्वी कारखान्याचा खरेदी करणारा माणूस नगर रस्त्यावरून दुकानात येत असे. आता तो आधी गूगलवर पाहतो. म्हणून आपले अनेक व्यापारी बांधव आणि कारागीर संकेतस्थळ तयार करून घेत आहेत.

याच गरजेतून एक नवा खर्च पुढे आला आहे. ‘तुमच्या एचटीएमएलमध्ये साठ चुका आहेत. त्या काढल्याशिवाय गूगलमध्ये वर येणार नाही,’ असे सांगून मोठी रक्कम मागितली जाते. मलाही अशी मागणी झाली. पैसे देण्यापूर्वी चौकशी केली, तिचे सार येथे देत आहे.

एचटीएमएल ही संकेतस्थळाची लिखावट होय. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे, चित्र कोणते, हे त्यातील खुणा सांगतात. या खुणांचे नियम ठरविण्याचे काम 1994 मध्ये स्थापन झालेल्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने अनेक वर्षे केले. लिखावट तपासण्याची तिची सोय विनामूल्य आहे. सबब, चुकांची यादी काढून देण्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. लिखावट शुद्ध असल्याबद्दल गूगल वरचा क्रमांक देत नाही आणि अशुद्ध असल्याबद्दल दंडही करीत नाही. गूगलच्या जाणकारांनी हे वेळोवेळी स्पष्ट केले आहे. जगातील बहुतेक पानांत काही ना काही चुका असतात. केवळ त्यासाठी पाने मागे टाकली, तर उपयुक्त माहितीच लोकांना मिळणार नाही.

मग चुका तशाच ठेवाव्यात काय? तसेही नाही. उर्दू लिहिणाऱ्यांना हे लवकर उमगेल. कातिबाचा एखादा फटकारा वाकडा गेला, तरी वाचणारा अडत नाही. पण ‘खुदा’वरचा एक नुक्ता खाली उतरला, तर शब्द ‘जुदा’ होतो. एचटीएमएलच्या चुकाही अशा दोन प्रकारच्या असतात. पुढील चार चुका दुसऱ्या प्रकारच्या होत.

पहिली : पानाच्या शीर्षकाची खूण बंद करायची राहिली, तर पुढचा सारा मजकूर शीर्षकातच गिळला जातो आणि गिऱ्हाइकाला पान कोरे दिसते.

दुसरी : पानाच्या ‘हेड’ भागात चित्रासारखी तेथे न चालणारी वस्तू घातली, तर तो भाग तेथेच संपला असे गूगल समजते. त्यापुढे लिहिलेल्या सूचना वाचल्या जात नाहीत.

तिसरी : दुव्याची खूण योग्य रीतीने लिहिली नाही, तर गूगल आतल्या पानांपर्यंत पोहोचेलच असे नाही. दुकानाचा दर्शनी भाग दिसतो, गोदाम बंद राहते.

चौथी : पानात ‘नोंद घेऊ नये’ ही सूचना चुकून राहिली. लिखावट पूर्ण शुद्ध, तरीही गूगलमध्ये ते पान दिसणार नाही! केवळ शुद्धतेच्या दाखल्यावर विसंबू नये, याचा हा पुरावाच आहे.

आपल्या भाषांचा अनुभवही ध्यानात घ्यावा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले खास फाँट वापरीत, तर उर्दूची कित्येक पाने चित्ररूपात टाकली जात. माणसाला ती वाचता येत, पण शोधयंत्राला त्यात शब्द सापडत नसत. आजही मालाची यादी, दर आणि पत्ता केवळ चित्रात टाकणारे दुकानदार आपलेच नुकसान करून घेतात. कापडाचा प्रकार, आर्ज, ठोक विक्रीचे किमान प्रमाण आणि गावाचे नाव अक्षरांत लिहावे. पान मोबाइलवर चटकन उघडावे, कारण गूगल आता पानाचे मोबाइलवरील रूपच प्रामुख्याने तपासते.

पैसे मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : ‘या साठांपैकी कोणत्या चुकीमुळे माझे पान गूगलला वाचता येत नाही?’ गूगलच्या विनामूल्य ‘सर्च कन्सोल’मध्ये पानाची नोंद झाली की नाही, हे त्याच्याकडून समोर बसून दाखवून घ्यावे. दाखवता आले तर दुरुस्तीची रास्त मजुरी जरूर द्यावी. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहावे, कारण ती देणे कोणाच्याही हातात नाही.

ताका घेताना आपण आधी कापड चाचपतो, मग शिक्का पाहतो. येथेही तोच रिवाज पाळावा.