रंगाची गाठ पाण्याशी

वाचकहो, हळदीचा डाग कोणत्या घराला अपरिचित आहे? साबण लागताच तो लाल होतो, स्वच्छ धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसतो, आणि चार दिवस उन्हात वाळत पडला की हळूहळू विरून जातो. गृहिणीच्या दृष्टीने ही सुटकेची गोष्ट खरी; परंतु रंगाऱ्याची सारी विद्या येथूनच सुरू होते. कापडाला रंग लागणे निराळे आणि तो टिकणे निराळे.

ही विद्या आपल्या भूमीत फार प्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. त्यावर मंजिष्ठेचा लाल रंग होता. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून त्या पाण्यात नुसते कोरे सुती कापड बुडवले, तर रंग पक्का होत नाही. तेच कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढले असेल, तर तांबडा रंग खुलतो. आणि लोहाच्या पाण्यातून काढले असेल, तर काळपट छटा चढते. भांडे एक, मुळी एक. फरक पडतो तो पूर्वसंस्काराचा.

कच्छमधील खत्री कारागिरांचे अजरख कापड याच तत्त्वावर उभे आहे. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. जेथे पांढरी रेषा राखावयाची, तेथे चुना व डिंक यांचा ठसा उमटवतात. गंजलेले लोखंड व गूळ यांच्या आंबवणीने काळा ठसा, तुरटीने लाल जागेचा ठसा. मग निळीचे कुंड. कुंडातून निघालेले कापड हिरवट दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते! शेवटी मंजिष्ठेची उकळी मिळाली, की तुरटीच्या जागा लाल होऊन उठतात.

हे सारे घरी साधणार नाही. परंतु त्याची चुणूक एखाद्या सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह अवश्य पाहावी. चार-पाच डाळिंबांच्या वाळलेल्या साली तासभर उकळून पाणी गाळून घ्या. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा स्वच्छ धुवा आणि कापडाच्या वजनाच्या सातव्या हिश्शाइतकी तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात तो तासभर ठेवा. मग सालींच्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास फिरवा. सुंदर पिवळा रंग येईल. आता चिमूटभर हिराकस पाण्यात घालून तुकड्याचे एक टोक त्यात बुडवा. काही क्षणांतच पिवळ्याचा काळपट हिरवा होईल. हिराकस लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

ते काळवंडलेले टोक जपून ठेवा. कारण एका गावाची कथा त्यात आहे. कच्छमधील धमडका हे अजरखचे जुने गाव. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तेथील घरे व कारखाने कोसळले. घरे पुन्हा बांधता आली असती. परंतु पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले होते. चिमूटभर लोहाने तुमच्या पिवळ्याचे काय झाले, हे तुम्ही पाहिलेच. ज्यांची उपजीविका लाल रंगाच्या तेजावर, त्यांनी काय करावे? अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवी जागा शोधली आणि गाव वसवले. त्याचे नाव त्यांनी ठेवले अजरखपूर. काही कुटुंबे मात्र धमडक्यातच राहिली आणि तेथेही ठसे उमटतच राहिले.

१८६८ मध्ये मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. तेव्हापासून रंग पुडीत मिळू लागला व स्वस्त झाला. त्यात गैर काही नाही. परंतु पुडीतला रंग विकत घेताना पाण्याची, मुळीची आणि हाताची आठवण राहत नाही. स्वतः रंगविलेला एक हातरुमाल ती आठवण देतो. पुढे कधी बाजारात अजरखची किंमत ऐकून तुम्ही थबकलात, तर त्या रुमालाचे काळे टोक आठवावे. घासाघीस करण्यासाठी उघडलेले तोंड कदाचित आपोआप मिटेल.