मुळे आणि संदेशवाहक पेप्टाइडे

मुळे पेप्टाइडे शोषतात हे खरे, पण सगळी एकाच रीतीने नव्हे. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसच्या मुळांत पीटीआर१ हे वाहक प्रथिन दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे आत घेते. तो नत्राचा पुरवठा. सीएलई पेप्टाइडे मात्र साधारण १२ अमिनो आम्लांची आणि त्यांचे काम संदेशाचे. त्यांतली काही माध्यमात मिसळली की मुळांची वाढ खुंटते. मग ती पेशीत शिरलीच ना, असे कोणी म्हणेल. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सीएलव्ही२ हे ग्राही प्रथिन नसलेल्या रोपांची मुळे त्याच माध्यमात वाढत राहतात. म्हणजे निर्णायक ठरते ती पेशीपटलावरची ओळख. पेशीभित्तिकांमधून पेप्टाइड तिथवर झिरपले तरी पुरते. म्हणून पेप्टाइडयुक्त खताने पीक वाढले, एवढ्यावरून शोषण सिद्ध होत नाही. त्यासाठी खूण लावलेला रेणू पेशीच्या आत सापडायला हवा.